काम कोण तपासणार?

अभियांत्रिकीच्या पदवीत इंटर्नशिप आता हौसेची गोष्ट राहिलेली नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या धोरणात चार वर्षांत मिळून ६०० ते ७०० तासांची इंटर्नशिप आणि त्यासाठी १४ ते २० श्रेयांक धरले आहेत. अनेक महाविद्यालयं शेवटचं अख्खं सत्र त्यासाठी मोकळं सोडतात. मग दिवाळीनंतर सोलापूर, लातूर, सांगली, अमरावतीकडची मुलं पुण्यात वाकड, हिंजवडी, खराडीला खोल्या शोधू लागतात. सहा महिन्यांनी त्यांतली काही जण अंतर्बाह्य बदलून परततात आणि काही जण फक्त एक कागद घेऊन. हा फरक मुलांच्या हुशारीमुळे पडत नाही, असं माझं ठाम मत आहे. तो कशामुळे पडतो हे तपासावं म्हणून हा संवाद लिहिला. यातल्या मावशी आणि भाची कल्पित आहेत. त्यांची मतं मात्र मी दोन्ही बाजूंच्या माणसांकडून ऐकत आलो आहे. मावशी हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड आहे. भाची सोलापूरला संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्यासमोर दोन पर्याय आहेत: एक बड्या नावाची कंपनी, दुसरी बाणेरमधली दहा-बारा माणसांची.

भाची: माझं ठरल्यातच जमा आहे. मोठीच घेणार. तुझं मत फक्त विचारतेय.

मावशी: मत नंतर देते. आधी सांग, तिथे तू लिहिलेला कोड कोण वाचणार?

भाची: म्हणजे?

मावशी: म्हणजे माणूस कोण? रोज किंवा निदान दोन दिवसांआड तुझं काम उघडून ओळ न् ओळ वाचणार, "हे इथे का लिहिलंस" असं विचारणार, चुकलं तर परत पाठवणार, असा कोणी नेमलेला आहे का? दोन्ही कंपन्यांना विचारलंस?

भाची: असं कोणी विचारतं का गं? ऑफर परत घेतील.

मावशी: "माझे मार्गदर्शक कोण असतील आणि मी कोणत्या टीममध्ये असेन" एवढं विनयाने विचारल्यावर ऑफर परत घेणारी कंपनी असेल, तर तिथलं चित्र तुला घरबसल्या कळलं. इंटर्नशिपचं सगळं मोल या एका गोष्टीत आहे. कॉलेजात तू चार प्रोजेक्ट केलेस. त्यातला कोड कोणी वाचला?

भाची: कोणीच नाही. सरांनी स्क्रीनवर चालताना पाहिलं, रिपोर्टची पानं चाळली आणि व्हायव्हात दोन प्रश्न विचारले.

मावशी: मग चार वर्षं तू एकटीने लिहिलंस आणि एकटीनेच वाचलंस. नोकरीत असं एक दिवसही होत नाही. तिथे दुसऱ्यांचा जुना कोड वाचायचा, त्यात थोडी भर घालायची आणि ती भर चार जणांना पटवायची, हेच काम. ते तपासणाऱ्या माणसाशिवाय शिकता येत नाही. बाणेरच्या कंपनीत दहा जण आहेत. तिथे संस्थापक स्वतः तुझा कोड वाचेल, अशी शक्यता जास्त.

भाची: किंवा त्याला वेळच नसेल. गुंतवणूकदारांच्या मागे फिरत असेल, आणि मला पहिल्याच आठवड्यात म्हणेल, "तूच बघ काय ते." माझ्या वर्गातली एक जण अशा ठिकाणी होती. तिला दोन महिने एका एक्सेलमधून दुसऱ्या एक्सेलमध्ये ग्राहकांचे पत्ते भरायला लावले. आणि मावशी, तू पुण्यातल्या नामांकित कॉलेजातून शिकलीस. आमच्या कॉलेजचं नाव बायोडाटावर दिसलं की पुढचं वाचतच नाहीत. मोठ्या कंपनीचं नाव त्यावर आलं, तर निदान वाचतील. तुला नावाची किंमत कळत नाही, कारण तुला ती कधी मोजावी लागली नाही.

इथे मी भाचीच्या बाजूने आहे. "नावापेक्षा काम बघा" हा सल्ला देणाऱ्यांपाशी बहुधा नाव आधीच असतं. जिल्ह्याच्या गावातल्या कॉलेजातल्या मुलीला चाळणीतून पार व्हायलाच एक ओळखीचं नाव लागतं, हे मावशीनेही मान्य केलं पाहिजे.

मावशी: हे खरं आहे. मी बायोडाटे चाळते तेव्हा माझाही डोळा आधी नावांवरच जातो. पण नाव तुला फक्त खोलीत आणून बसवतं. पुढची पाऊण तासाची मुलाखत तुलाच काढायची असते. "सहा महिने काय केलंस" या प्रश्नाला "शंभर जणांच्या तुकडीत ट्रेनिंग झालं, मग एक डॅशबोर्ड बनवला" असं उत्तर आलं की मी विचारते, "तो डॅशबोर्ड कोण वापरतं?" तिथे बहुतेक जण गप्प होतात. म्हणून तू मोठी कंपनी घे, पण टीम मिळेल त्या दिवशी पहिला प्रश्न तपासणाऱ्याचाच विचार.

भाची: बरं. धर, तपासणारा मिळाला. पहिल्याच दिवशी मी त्याला काय दाखवू? मला काही येत नाही हेच दिसेल.

मावशी: पहिला आठवडा तर मशीन चालू करण्यातच जातो. लॅपटॉप मिळतो, पासवर्ड मिळत नाही. पासवर्ड मिळतो, परवानगी मिळत नाही. सगळं मिळाल्यावर कोड उतरवून घेतेस आणि तो तुझ्या मशीनवर बिल्डच होत नाही, कारण टीममधल्या कागदावर लिहिलेल्या पायऱ्या दोन वर्षांपूर्वीच्या असतात. नवीन मुलं या आठवड्याला वाया गेलेला वेळ समजतात. माझ्या मते हा सगळ्यात किमती आठवडा आहे. तुझ्याइतक्या नव्या नजरेने तो कागद वाचणारं त्या टीममध्ये दुसरं कोणी नसतं. कुठे अडलीस, काय बदललं, कोणती आवृत्ती चालली, हे सगळं टिपून ठेव आणि तो कागद दुरुस्त करून पाठव. ते तुझं पहिलं काम. कोणी न सांगता केलेलं, आणि तुझ्यानंतर येणाऱ्याचा दिवस वाचवणारं.

भाची: हे मला आवडलं. पण अडल्यावर विचारायचं कसं, तिथेच माझं घोडं अडतं. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात होते. कॉलेजात पेपर इंग्रजीत लिहिले, बोलले कुठे? तिथे रोज सकाळी स्टँडअप, म्हणजे टीमची छोटी बैठक असणार. सगळे फाडफाड बोलणार. कोणी केरळचं, कोणी दिल्लीचं, म्हणजे मराठीही चालणार नाही. मी अडखळले तर त्यांना वाटणार, हिला विषयच कळलेला नाही.

मावशी: काही जणांना वाटेल. खोटं कशाला सांगू?

भाची: मग?

मावशी: मग आपली बाजू लेखी ठेवायची. प्रश्न चॅटवर लिही. लिहिताना चार गोष्टी ठेव: मी काय करू पाहतेय, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं, आणि मी आत्तापर्यंत काय करून पाहिलं. आता बघ, "सर, लॉगिन चालत नाहीये, प्लीज हेल्प" असा संदेश आला की मला उलट पाच प्रश्न विचारावे लागतात. मी कामात असते, तो संदेश संध्याकाळपर्यंत तसाच राहतो. त्याऐवजी "लॉगिनची चाचणी माझ्या मशीनवर नापास होतेय, कालच्या मुख्य शाखेवर पास होती, डेटाबेसचा पत्ता तपासला, पुन्हा बिल्ड केलं, फरक पडला नाही, एरर खाली जोडली आहे" असं आलं, तर मी बसमधूनही उत्तर देते. त्या चार वाक्यांत व्याकरणाची चूक असली तरी माझ्या लक्षातही येत नाही. या मुलीने डोकं लावलंय एवढंच लक्षात येतं.

भाची: आणि किती वेळ डोकं लावून मग विचारायचं? लगेच विचारलं तर मठ्ठ दिसते, उशिरा विचारलं तर वेळ घालवला.

मावशी: तासभर. तासाभरात पुढे सरकली नाहीस तर विचार. सरकत असशील, एरर बदलत असेल, तर अजून तासभर घे. दिवसभर अडून बसणं आणि संध्याकाळी "झालं नाही" म्हणणं, हे मात्र टीमला महागात पडतं. प्रश्न एकट्या मार्गदर्शकाला खाजगीत विचारण्यापेक्षा टीमच्या चॅनेलवर टाकत जा. तो नसला तर दुसरं कोणी उत्तर देतं, आणि ते उत्तर तिथे राहतं.

भाची: चॅनेलवर म्हणजे चारचौघांत. आमच्याकडे वर्गात हात वर करणाऱ्या मुलीकडे सगळे वळून बघतात.

मावशी: माहीत आहे. पहिल्यांदा पोटात गोळा येईल. पण पाहशील, आठवड्याभरात टीममधली जुनी माणसंही तिथेच प्रश्न विचारताना दिसतील. पंधरा वर्षं काम केलेला माणूस "हे मला कळत नाहीये" असं लिहितो, हे तुला आधी पाहू दे. ज्या टीममध्ये असं कोणीच लिहीत नाही, तिथे मात्र जपून.

स्टँडअपचं काय, हा भाचीचा मूळ प्रश्न मावशीने थोडा टाळला असं मला वाटतं. त्यावर एक साधा उपाय मी मुलांना सांगतो: काल काय झालं, आज काय करणार, कशाने अडलंय, ही तीन वाक्यं सकाळी लिहून काढायची आणि वाचून दाखवायची. वाचून दाखवण्यात कमीपणा काही नाही. महिन्याभरात कागद आपोआप सुटतो. मुलं हुशार असूनही पहिल्या महिन्यात तोंड मिटून बसतात आणि मग टीम त्यांना जमेस धरणं सोडून देते, हे मी फार वेळा पाहिलं आहे. गप्प बसण्याची शिक्षा चुकीच्या इंग्रजीपेक्षा मोठी असते.

भाची: आता तपासणीबद्दल. माझ्या एका सीनियरने सांगितलं, त्याच्या पहिल्या पीआरवर सत्तावीस कॉमेंट आल्या. तो म्हणाला, रात्री झोप लागली नाही.

मावशी: पीआर म्हणजे तू केलेले बदल "हे आपल्या कोडमध्ये घ्या" म्हणून पुढे ठेवतेस. सत्तावीस कॉमेंट येण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, पीआर फार मोठा असतो. मुलं तीन आठवडे काम करून हजार ओळी एकदम पाठवतात. वाचणारा वैतागतो. छोटे तुकडे पाठव. एका पीआरमध्ये एकच गोष्ट. आणि कॉमेंट तुझ्यावर नसते, कोडवर असते. हे वाक्य तुला गुळगुळीत वाटेल, पण त्याचा उपयोग असा: प्रत्येक कॉमेंटला उत्तर लिही. पटली तर बदल करून "केलं" असं लिही. पटली नाही तर का नाही ते लिही.

भाची: इंटर्नने लीडला "पटलं नाही" म्हणायचं?

मावशी: कारण देऊन म्हणायचं. माझ्या टीमला ज्यांची आठवण राहिली आहे, त्या इंटर्ननी कधी ना कधी आमचं म्हणणं खोडून काढलेलं आहे. आणि एक सवय लावून घ्यायची. एकच कॉमेंट दुसऱ्यांदा येऊ द्यायची नाही. महिन्याच्या शेवटी आपल्याला आलेल्या सगळ्या कॉमेंट एकत्र वाचायच्या. आपली खोड कळते. कोणी नावं वाईट देतं, कोणी चूक झाल्यावर काय करायचं ते लिहीतच नाही, कोणी चाचण्या टाळतं.

भाची: चाचण्यांचंच मला कळत नाही. माझ्या ओळखीच्या तीन इंटर्नना फक्त चाचण्या लिहायला लावल्या. खरं काम त्यांना दिलंच नाही. आणि प्रत्यक्ष चालू असलेल्या सर्व्हरला तर हातही लावू देत नाहीत.

मावशी: का लावू देत नाहीत ते सांगते. नाइट कॅपिटल नावाची अमेरिकन शेअर दलाल कंपनी होती. १ ऑगस्ट २०१२ ला त्यांनी नवा कोड चढवला. आठ सर्व्हरपैकी सातांवर नीट चढला, एक राहून गेला. त्या एकावर जुना, वापरात नसलेला कोड पडून होता, तो जागा झाला आणि शेअर बाजारात वाटेल तसे सौदे करत सुटला. पाऊण तासात चाळीस कोटी डॉलरहून जास्त नुकसान. कंपनीला स्वतंत्रपणे उभं राहणं जमलं नाही. एका सर्व्हरवर फाइल चढवायची राहिली, एवढ्याने. तू ज्याला खरं काम नाही म्हणतेस ती चाचणी, ती तपासयादी, ते दुसऱ्याने डोळ्यांखालून घालणं, हे सगळं अशा सकाळी टळाव्यात म्हणून असतं.

भाची: हे मला कोणीतरी पहिल्या दिवशी सांगायला हवं. नुसतं "टेस्ट लिही" म्हटलं की वाटतं, आपल्याला बाजूला बसवलंय.

मावशी: मान्य. आणि अशा हकीकती शोधून वाच. गिटलॅब कंपनीत ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य डेटाबेसची माहिती पुसून टाकली. क्षणात लक्षात आलं, पण तोवर बहुतेक सगळं गेलं होतं. मग पाहिलं तर बॅकअपच्या एकाही पद्धतीवर विसंबता येईना. सहा तासांपूर्वी योगायोगाने घेतलेली एक प्रत होती, तिच्यावरून उभं केलं. मधल्या सहा तासांतलं काम गेलं ते गेलंच. पण त्यांनी काय केलं? सगळी हकीकत जाहीर लिहिली, दुरुस्ती चालू असताना यूट्यूबवर थेट दाखवली. तुझ्या कंपनीतही असे अहवाल असतील. ते वाचायची परवानगी माग. चार पुस्तकांतून कळणार नाही इतकं एका अहवालातून कळतं, यंत्रणा नेमकी कुठे कच्ची असते आणि माणसं घाबरली की काय करतात ते.

भाची: मागेन. पण तू प्रत्येक कंटाळवाण्या कामात शहाणपण शोधतेस, ते मला खटकतं. चाचण्या ठीक. पण पत्ते भरणं? ते मजुरी आहे. आणि तीही फुकट. कॉलेजच्या ग्रुपवर रोज जाहिराती येतात. एक महिन्याची "व्हर्च्युअल इंटर्नशिप", ईमेलवर तीन कामं येतात, कॅल्क्युलेटर बनवा, कामांची यादी बनवा, स्वतःचं वेबपेज बनवा. कोणी बघत नाही. शेवटी प्रमाणपत्रासाठी पैसे भरा. आमच्या वर्गात अनेकांनी भरले, कारण श्रेयांक हवेत आणि दुसरीकडे जागा नाही.

मावशी: त्या प्रमाणपत्राला मुलाखतीत शून्य किंमत आहे, हे मी लिहून देते.

भाची: मुलाखतीत शून्य, पण कॉलेजात त्याचे पूर्ण गुण! आमचे सर सही करतात. कंपनी खरी आहे का, तिथे काय केलं, कोणी तपासत नाही.

भाचीने बोट ठेवलेली जागा बरोबर आहे. दोष मुलांवर ढकलून चालणार नाही. श्रेयांक सक्तीचे केले आणि तितक्या खऱ्या जागा आहेत का हे पाहिलं नाही, तर कागद विकणारे उभे राहणारच. महाविद्यालयाने निदान एवढं केलं पाहिजे: प्रत्येक मुलाच्या कंपनीतल्या मार्गदर्शकाशी सत्रात दोनदा फोनवर बोलावं आणि मुलाने केलेलं काम स्वतः उघडून पाहावं. प्राध्यापकांवर कामाचा बोजा आहे हे मला माहीत आहे. तरीही जे काम पाहिलं नाही त्यावर सही करू नये.

मावशी: काम बिनकामाचं असेल तर दुसऱ्या आठवड्यातच बोल. तोंडी नको, ईमेलने. "मला अमुक शिकायचं आहे, सध्याच्या कामाबरोबर त्यातलं एखादं छोटं काम मिळेल का?" असं. उत्तर नाही आलं तर पुन्हा. महिन्याभरात काही बदललं नाही तर कॉलेजला कळव आणि सोड.

भाची: सोडून कुठे जाऊ? पीजीची अनामत भरलेली असते, मेसचे पैसे आगाऊ दिलेले असतात.

मावशी: म्हणूनच स्टायपेंडशिवाय जाऊ नकोस, असं मी म्हणेन.

भाची: आणि स्टायपेंड किती? केंद्राची पंतप्रधान इंटर्नशिप योजना २०२४ मध्ये सुरू झाली, तेव्हा ती महिन्याला ५,००० रुपयांची होती. वाकडला त्यात खोली आणि जेवण भागवून दाखव.

मावशी: ती योजना तुझ्यासारख्यांसाठी आखलेलीच नव्हती. सुरुवातीच्या नियमांत पूर्णवेळ शिकणाऱ्यांना अर्ज करता येत नव्हता, ती २१ ते २४ वयाच्या, पूर्णवेळ न शिकणाऱ्या मुलांसाठी होती. पण तुझा मुद्दा पोहोचला. घर पुण्यात असलेला मुलगा फुकट इंटर्नशिप करू शकतो, सोलापूरची मुलगी करू शकत नाही. फुकट इंटर्न ठेवणारी कंपनी नकळत घरचं बरं असलेल्यांनाच निवडते.

भाची: नकळत म्हण, नाहीतर कळून. दुसरंही आहे. मी राहीन त्या पीजीचं गेट रात्री दहाला बंद होणार. अमेरिकेतल्या ग्राहकाचे कॉल नऊनंतर सुरू होतात. मुलं ऑफिसात थांबतात, गप्पांत बऱ्याच गोष्टी ठरतात. मी सकाळी जाईन तेव्हा सगळं ठरलेलं असेल.

मावशी: कॉल खोलीवरून घे. ठरलेलं लेखी माग, "काल काय ठरलं ते चॅनेलवर टाकाल का?" म्हणून. चार वेळा मागितलंस की सवय लागते, आणि त्याचा फायदा टीममधल्या लहान मुलांच्या आयांनाही होतो. आणि एक लक्षात ठेव. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा इंटर्नलाही लागू आहे. त्यातल्या कर्मचाऱ्याच्या व्याख्येत प्रशिक्षणार्थी आणि शिकाऊही येतात. तक्रार समितीत कोण आहे ते पहिल्या आठवड्यात बघून ठेव. गरज पडू नये, पण माहीत असावं.

भाची: हे कोणी सांगितलंच नव्हतं. बरं, आता एक बाकी राहिलेलं विचारते. कोड मीच लिहायचा का? सगळे एआयकडून लिहून घेतात. मी एकटीने हाताने लिहिलं तर मागे पडेन.

मावशी: कंपनीने जे वापरायला दिलंय ते वापर. बाहेरच्या साधनात कंपनीचा कोड चिकटवायचा नाही, कधीच नाही. सॅमसंगच्या अभियंत्यांनी स्वतःच्या कंपनीचा कोड चॅटजीपीटीत टाकला होता, त्यावरून २०२३ मध्ये कंपनीने अशा साधनांवर बंदीच घातली. राहिला शिकण्याचा प्रश्न. पीआरमधल्या एखाद्या ओळीवर बोट ठेवून मी विचारलं, "ही नसती तर काय झालं असतं?" तर तुला सांगता आलं पाहिजे. जी ओळ समजावता येत नाही ती पाठवायची नाही. कोणी लिहिली याने मला फरक पडत नाही.

भाची: तुला पडत नाही, मला पडतो. पूर्वी इंटर्नला जी छोटी कामं मिळायची, ती आता तेच साधन करतं. मग कंपनी मला कशाला घेईल?

मावशी: याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. एवढं दिसतंय की लिहिणं स्वस्त झालं आणि तपासणं महाग झालं. आलेला कोड वाचून "हे दिसायला बरोबर आहे पण इथे फसणार" असं सांगणारी माणसं कमी आहेत. तू तपासून घ्यायला शिकलीस की तपासायलाही शिकशील. दुसऱ्यांचे पीआर वाचत जा. तुला कोणी सांगितलं नसलं तरी. एखादी शंका नम्रपणे लिही.

भाची: आणि कंपनीत तपासणारा मिळालाच नाही तर? तुझं सगळं त्या एका खुंटीला टांगलेलं आहे.

मावशी: तर बाहेर शोधायचा. मुक्तस्रोत प्रकल्पांत सगळी तपासणी उघड्यावर चालते. कोणी काय पाठवलं, कोणी का नाकारलं, सगळं वाचता येतं. गूगल समर ऑफ कोड २००५ पासून चालू आहे. त्यात प्रकल्पाचा मार्गदर्शक मिळतो आणि मानधनही. २०२१ पर्यंत ते फक्त विद्यार्थ्यांसाठी होतं, २०२२ पासून अठरा वर्षांवरच्या कोणाही नवशिक्याला खुलं आहे. निवड झाली नाही तरी बदल पाठवायला कोणाची बंदी नाही. फायरफॉक्स मराठीत आहे, ते मराठीकरण स्वयंसेवकांनीच केलं आहे. तिथूनही सुरुवात होते.

भाची: हे मी करेन. पण खरं सांगू? मला नोकरी हवी आहे. शैक्षणिक कर्ज आहे, शिक्षण संपल्यावर वर्षभरात हप्ते सुरू होतील. पीपीओ, म्हणजे इंटर्नशिपनंतर तिथेच नोकरीचा प्रस्ताव, मिळाला तर बाबांना सुटल्यासारखं होईल. तू मघापासून शिकण्याबद्दल बोलतेस, नोकरीबद्दल एक शब्द नाही.

मावशी: कारण पीपीओ तुझ्या कामावर जितका अवलंबून असतो, तितकाच आमच्या बजेटवर. उत्तम काम केलेल्या मुलांना मला "जागा नाही" असं सांगावं लागलं आहे. त्यांचं काही चुकलं नव्हतं. म्हणून शेवटच्या दोन महिन्यांत दुसरीकडे अर्ज चालू ठेव. रोज संध्याकाळी पाच ओळी लिहीत जा: आज काय केलं, काय अडलं, कसं सुटलं. कंपनीचा कोड किंवा आकडे घरी न्यायचे नाहीत, पण आपण काय विचार केला तो आपला असतो. सहा महिन्यांनी मुलाखतीत सांगायला तेच लागेल. आणि जाण्याआधी आपलं काम दुसऱ्याला नीट समजावून दे, लिहून ठेव. तुझ्या मागे ते चालू राहिलं, तर तुझी शिफारस करायला तिथे कोणीतरी असेल.

भाची: म्हणजे प्रश्न मी विचारायचे, कागद मी दुरुस्त करायचे, तपासणारा मी शोधायचा, ठरलेलं लेखी मी मागायचं, आणि नोकरीची हमी मात्र कोणी द्यायची नाही. मावशी, तुमच्याकडे येत्या जूनमध्ये इंटर्न घेणार आहात ना? तुम्ही काय करणार?

मावशी: काय करावं असं तुला वाटतं?

भाची: जाहिरातीत लिहा. काम कोणत्या टीममध्ये आहे, कोड कोण तपासणार, आठवड्यातून किती तास ती व्यक्ती इंटर्नला देणार. स्टायपेंड किती. तेवढ्यात जवळपास खोली मिळते का, ते आधी तुम्ही स्वतः बघा.

मावशी: तासांचं लिहिणं अवघड आहे. माझ्या टीममधल्या माणसाचे आठवड्याचे चार तास इंटर्नला द्यायचे, तर त्याच्याकडचं दुसरं काम कमी करावं लागेल. वरिष्ठ विचारतील.

भाची: मग त्यांना सांग. तूच म्हणालीस, सगळं मोल तिथेच आहे.

मावशी: सांगते. चार नाही, तीन तास धरते, पण ते लेखी. आणि एका वेळी दोनच इंटर्न घेते. पाच जणांना तपासणं आम्हाला झेपत नाही.

भाची: आणि जागा निघणार की नाही, हेही पहिल्या दिवशी सांग.

मावशी: ते मलाच बजेट ठरेपर्यंत माहीत नसतं गं.

भाची: मग तेवढंच लिही. "बजेट ठरेपर्यंत आम्हालाही माहीत नसतं." मुलं त्या हिशोबाने आधीच दुसरीकडे अर्ज करतील.